मनगटावरचा थेंब

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी पाळणा हलला की थोड्याच दिवसांत माझ्या दाराची कडी वाजते. दारात त्या घरातली आजी नाहीतर नवी आई उभी असते आणि प्रश्न ठरलेला असतो, "बाई, वरचं दूध द्यायचं तर गरम करूनच द्यायचं का? गार चालतं का?" घरोघर फ्रिज आल्यापासून या प्रश्नाला जास्तच धार चढली आहे. एकीची सासू म्हणते, गार दुधानं पोर सर्दावेल. दुसरीच्या नवऱ्यानं कुठंतरी वाचलेलं असतं की काही फरक पडत नाही. मी नोकरीतून निवृत्त झाले, पण या प्रश्नातून काही मला निवृत्ती मिळालेली नाही.

मी त्यांना सांगते ते असं. आई पाजत असेल तर हा प्रश्नच येत नाही, ते दूध हवं तेवढं ऊन असतंच. वरचं दूध द्यायची वेळ आली तर ते आधी खळखळून उकळलेलं पाहिजे. मग ऊन द्या नाहीतर गार झाल्यावर द्या, बाळाचं काही अडत नाही. ऊन आवडतं म्हणून ऊन, एवढंच. फक्त ते तासन्‌तास कोमट ठेवायचं नाही. इतकं सांगून मी दार लावून घेते. त्यांना वाटतं, बाई फटकळ आहे. ती आहेच, पण दार लावून घेण्याचं कारण ते नाही.

संपादकांनी मला 'नोकरीतले गमतीदार अनुभव' लिहायला सांगितले होते. दुधाच्या बाबतीत गमतीदार अनुभव एक आहे, तो सांगते. दुसरा गमतीदार नाही, पण तो सांगितल्याशिवाय मला पहिला सांगता येत नाही.

मी मूळची देऊळगाव राजाची, कचेरीतल्या कारकुनाची मुलगी. नर्सिंगचं शिक्षण संपवून मला पहिली नेमणूक मिळाली ती जानेफळच्या पुढच्या एका खेड्यात. नाव देत नाही, तिथं त्या माणसांची नातीगोती अजून आहेत. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. एक खोली, पुढं ओटा, खोलीच्या अर्ध्यात दवाखाना आणि अर्ध्यात मी. तिथल्या 'मले-तुले'ऐवजी मी पुस्तकातल्यासारखं 'मला-तुला' बोलायची, ते ऐकून बायका तोंडाला पदर लावायच्या. पहिले काही महिने त्या औषधापेक्षा माझं बोलणं ऐकायलाच जास्त येत होत्या, असा मला संशय आहे.

नर्सबाई म्हणजे बाळंतपण करणारी, एवढंच लोकांना माहीत असतं. खरं तर बाळंतपण हा या कामाचा छोटा भाग. खरं काम नंतरचं. नाळ सुकली का, वजन वाढतंय का, टाळू कशी आहे, शी कशी होते. माझ्या नोकरीतला निम्मा काळ मी लोकांच्या पोरांच्या शीकडे निरखून बघण्यात घालवला. माझं लग्न ठरत होतं तेव्हा 'मुलगी काय काम करते' या प्रश्नाला वडील 'सरकारी' एवढंच उत्तर देत.

ज्यांना वरचं दूध द्यावं लागे त्या बायकांना मी एक युक्ती शिकवली होती. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं नाडी लागते तिथं, दुधाचा थेंब टाकायचा. चटका बसला तर थांबायचं. काहीच जाणवलं नाही, ना ऊन ना गार, तर दूध अंगाच्या उबेइतकं आहे, पाजायचं. ही युक्ती गावाला फार आवडली. इतकी, की बायका वाटी घेऊन सरळ माझ्याकडेच यायला लागल्या. "पाहा बरं बाई, जमलं का?" म्हणायच्या आणि थेंब माझ्या मनगटावर टाकायच्या. स्वतःच्या मनगटावर त्यांचा भरवसा नव्हता. मी "बरोबर आहे" म्हटलं की त्या घाईनं परत जायच्या. घरी पोचेपर्यंत ते दूध पुन्हा गार होत असणार, पण तेवढं कोण बोलणार!

आता गंमत. गावात बन्सीशेठचं किराणा दुकान होतं. पुष्कळ वर्षांनी त्यांना मुलगा झाला. शेठाणीला दूध भरपूर होतं, पण शेठनं खामगावहून पावडरीचे डबे आणि रबराच्या बोंडीची बाटली आणली. आईचं दूध तर गरिबाचंही पोर पितं, असं त्यांचं म्हणणं. एक दिवस ते स्वतः दवाखान्यात आले.

"बाई, ते ताप पाहाची नळी देता का जराशीक?"

"कुणाला ताप आला शेठ?"

"आला नाई. येऊ नये म्हनून पाह्यतो."

मी थर्मामीटर दिला. थोड्या वेळानं त्यांचा माणूस पळत आला, "नळी फुटली." मी गेले तर शेठ चुलीपुढं बसले होते. दूध अंगाच्या उबेइतकं आहे का, ते मनगटावर बघण्यापेक्षा नळीनं पक्कं बघावं म्हणून त्यांनी ती उकळत्या दुधात उभी केली होती. नळी फुटली आणि पारा दुधात. शेठ म्हणाले, "घाबरू नका बाई, फडक्यानं गाळून घेतलं म्या. बाकी दूध चांगलं आहे." मी ते पातेलं उचलून उकिरड्यावर ओतलं आणि पोर शेठाणीच्या पदराखाली दिलं. त्यानंतर कितीतरी महिने मी लोकांचा ताप हाताच्या पालथ्या बाजूनं बघत होते. शेठ मात्र जो भेटेल त्याला सांगायचे, बाईचा हात लई जड आहे, भरलं पातेलं ओतून देते.

कौसाबाई मात्र कधी वाटी घेऊन माझ्याकडे आली नाही.

कौसाबाई माळ्याची. नवरा वारलेला. गावाबाहेर नाल्याच्या पलीकडे विहिरीच्या आधारानं तिची वाडी होती. वांगी, मिरच्या, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. टोपली डोक्यावर घेऊन ती जानेफळच्या बाजारात जायची आणि वजनात कुणाला फसवायची नाही, म्हणून कुणाचं ऐकूनही घ्यायची नाही. तिला एकच मुलगी, सुमन. सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळंतपण मीच केलं. मुलगी झाली, चांगली रडली. पण वार अर्धीच पडली आणि रक्त थांबेना. बैलगाडीतून मेहकरला नेताना वाटेतच सुमन गेली. जावई आला, रडला, आणि पोर इथंच वाढू द्या म्हणाला. त्याच्या घरी अंथरुणाला खिळलेला बाप होता, बाईमाणूस कुणी नव्हतं. त्याला तरी काय दोष द्यायचा?

पोरीचं बारसं कुणी केलं नाही. कौसाबाई तिला नुसतं 'माय' म्हणायची, आमच्याकडे लहान पोरींना म्हणतात तसं. मी गाईचं दूध कसं द्यायचं ते समजावायला गेले तर तिनं मला मधेच थांबवलं. "म्या सुमन वाढोली नं बाई. मले नका शिकवू." मनगटावर थेंब टाकून दाखवला तर म्हणाली, "मले ओठाले समजते." आणि खरंच, ती बोंडल्यानं इतकं छान पाजायची, की माझ्याकडे चांगलं शिकलेल्या बायकांना जमत नसे.

तरी पोर वाढेना. वजनाच्या काट्याला झोळी अडकवली की काटा होता तिथंच. मग शी पातळ व्हायला लागली. मी एका दुपारी न सांगता वाडीवर गेले. बाभळीला झोळी बांधलेली, कौसाबाई वांग्यांत खुरपत होती. झोळीखाली एक घमेलं होतं, त्यात चुलीतली भुबळ, म्हणजे विस्तव मिसळलेली गरम राख, आणि त्या राखेत गळ्यापर्यंत पुरलेला दुधाचा गडवा. सकाळी एकदा उकळलेलं दूध ती दिवसभर असं ऊन ठेवायची आणि संध्याकाळपर्यंत तेच पाजायची.

"मावशी, हे काय?"

"काय म्हंजे? थंडं होऊ देत नाई म्या. एक घडीबी थंडं होऊ देत नाई."

ती हे अभिमानानं म्हणाली. मी बांधावर बसले आणि विचारलं, "दही लावताना दूध कसं ठेवता?"

"कसं म्हंजे? कोमट."

"कोमट ठेवलं की काय होतं?"

"दही होते."

"मग या गडव्यात दिवसभर काय होतंय?"

तिनं खुरपं खाली ठेवलं. "म्हंजे माह्या लेकराच्या पोटात दही होऊन राह्यलं का?"

"दही झालं तर बरं. हे नासतंय. उकळलं की दुधातली घाण मरते, आणि कोमट ठेवलं की ती पुन्हा वाढते. एक तर प्रत्येक वेळी उकळा, नाहीतर उकळलेलं झाकून गार ठेवा, तसंच गार पाजा आणि दुपारपर्यंत संपवा. उरलं तर तुम्ही प्या, तिला देऊ नका."

"थंडं पाजू?" तिचा आवाज एकदम बदलला. "थंडं दूध मातीले घालतेत बाई. चितेच्या राखीवर घालतेत. सुमनच्या राखीसाठी म्याच गडवा भरून देल्ला, याच गाईचा. थंडं दूध मेल्यायचं असते. हे जित्ती आहे."

जंतूंवर मला पाठ धडा होता, यावर नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे, मग प्रत्येक वेळी उकळा. तिथंच बाभळीपासून जरा दूर आम्ही दोघींनी तीन दगडांची चूल मांडली. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, तिच्याकडे रग्गड होत्या. त्या दिवशी दूध उकळलं, निवलं, आणि तिनं ओठाला लावून पाजलं. "हे कबूल," ती म्हणाली, "पन थंड्याचं नाव नका काढू."

आणि पोर सुधारली. काटा हलला. गालांवर मांस आलं, मला बघून हसायला लागली. कौसाबाईनं माझ्याकडे वांगी पाठवली, काटे काढून, देठ पुसून. त्या उन्हाळ्यात मी फार सुखात होते, हे मी सरळ लिहून टाकते. सुमन माझ्या हातून गेली होती. तिची लेक माझ्या हाताखाली वाढत होती. येता-जाता मी वाडीकडे वळायची आणि त्या तीन दगडांतली ताजी राख बघून परत फिरायची.

श्रावणात झड लागली. आमच्याकडची झड म्हणजे मुसळधार पाऊस नव्हे. बारीक, चिवट, दिवसन्‌दिवस न थांबणारा पाऊस. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, सरपण धुमसतं पण पेटत नाही. कौसाबाई भाजी राखायला वाडीतल्या खोपडीत, म्हणजे गवती झोपडीत, राहायला गेली होती. मी झड वाढायच्या आत तिला गाठून बजावलं, "मावशी, चूल पेटली नाही तर सकाळी उकळलेलं तसंच पाजा. गार असलं तरी पाजा. पण ऊन ठेवू नका. समजलं?"

"हाव," ती म्हणाली.

मी समाधानानं परत आले. वऱ्हाडात 'हाव' म्हणजे 'ऐकलं'. 'मान्य आहे' असा त्याचा अर्थ प्रत्येक वेळी नसतो. पुस्तकी मराठीत 'हो' म्हटलं की गोष्ट संपते, म्हणून मलाही ती संपल्यासारखी वाटली. माझं चुकलं असं मी तेव्हा मानलं नाही आणि आजही मानत नाही. मी सांगायचं ते सांगितलं होतं. पण तो 'हाव' मला अजून ऐकू येतो.

नाला भरून वाहत होता, पलीकडे जाता येईना. ज्या सकाळी माणूस छातीभर पाण्यातून येऊ शकला त्या सकाळी कौसाबाईच्या शेजारच्या वाडीतला गडी आला, "पोरगी हगून राह्यली, बाई, डोये खोल गेले." मी पेटी आणि उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली घेतली आणि त्याच्या हाताला धरून नाला उतरले.

खोपडीत कौसाबाई पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. टाळू खोल गेली होती. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. अंगातलं पाणी संपत आलं की असं होतं. मी विचारलं, "दूध कोणतं पाजलं?"

तिनं कमरेशी हात घातला. लुगड्याच्या आत, पोटाला फडक्यानं गच्च बांधलेला गडवा तिनं सोडून माझ्यापुढं ठेवला.

"सक्काळी एक खेप पेटते चूल, तेवढ्याच गवऱ्या कोरड्या आहेत. तेवढ्यात उकळून घेतो. भुबळ राह्यत नाई, इझून जाते. म्हनून म्या पोटाशी धरलं. झोपलो तरी सोडलं नाई. थंडं होऊ देल्लं नाई बाई."

सवयीनं मी एक थेंब मनगटावर टाकला. काही जाणवलं नाही. ना ऊन, ना गार. अगदी अंगाच्या उबेइतकं. युक्ती खोटी नव्हती. ती फक्त ऊब सांगते, बाकी काही सांगत नाही. मग मी गडवा नाकाशी नेला आणि वास आला.

मला राग आला. नशिबावर, झडीवर असं लिहिलं तर बरं दिसेल, पण राग कौसाबाईवरच आला. इतका, की मी तिच्याकडे बघितलंही नाही. मी चमच्यानं पाणी पाजायला लागले. पाणी गार होतं. प्रत्येक चमच्याला कौसाबाईचा हात थोडा पुढं यायचा आणि ती तो मागं घ्यायची. पोरीनं थोडं घेतलं, मग उलटून टाकलं. गाडी नाल्यापलीकडे नेणं शक्य नव्हतं. गडी दोनदा पाणी बघून आला आणि मान हलवून दारात उभा राहिला.

दुपार उलटताना पोर गेली. मला ते कळलं, पण कौसाबाईला सांगावं कसं ते कळेना. तिनं पोरीला पोटाशी घट्ट धरलं होतं, जिथं गडवा बांधला होता तिथंच. "ऊन आहे, बाई," ती म्हणत होती, "हात लावून पाहा ना. अजून ऊन आहे."

लहान पोरांना जाळत नाहीत, पुरतात. वाडीच्या बांधाला, बाभळीपासून जरा लांब, गड्यानं खड्डा केला. मी गावात परत आले आणि त्या दिवशी ज्या बाया वाटी घेऊन आल्या त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं.

तिसऱ्या दिवशी झड उघडली. मातीवर दूध घालायचा तो दिवस. मी जाणार नव्हते. राग गेलेला नव्हता. पण पाय वाडीकडे वळले. नाला गुडघ्याएवढाच राहिला होता.

कौसाबाई तीन दगडांच्या चुलीपुढं बसली होती. कुठून तरी कोरड्या पऱ्हाट्या आणल्या होत्या आणि चूल छान पेटली होती. भगुन्यात दूध उकळत होतं. तिची थोरली जाऊ गयाबाई शेजारी उभी होती.

"कौसे," गयाबाई म्हणाली, "काऊन तापवून राह्यली व? मातीले कच्चं घालतेत. थंडं."

"तिले थंडं चालत नाई," कौसाबाई म्हणाली.

गयाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी कौसाबाईशेजारी चुलीपुढं बसले. दूध वर आलं, कौसाबाईनं भगुनं उतरवलं आणि ते निवेपर्यंत आम्ही तिघी तिथंच बसून राहिलो. मग तिनं ते गडव्यात ओतलं, उठली, आणि बांधाकडे जायच्या आधी माझ्यापुढं येऊन थांबली. इतक्या महिन्यांत तिनं मला कधी विचारलं नव्हतं.

"पाहा बरं बाई," ती म्हणाली, "जमलं का?"

मी हात पुढं केला. तिनं गडवा तिरपा केला आणि थेंब माझ्या मनगटावर पडला.

"बरोबर आहे," मी म्हणाले. आणि ते खरंच बरोबर होतं.